भुलोबाची खालची तार

सोनाळा,
कोजागिरीनंतरचा गुरुवार,
ऑक्टोबर १९६४

प्रिय सत्यभामा,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवून आधी दाराकडे पाहून घेतलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून. घरात कोण असणार बघायला? पण सवय. इतक्या वर्षांत तुझं नाव मी घेतलं ते फक्त लोकांनी अडवल्यावर, उखाण्यात, आणि तू तर माझं तेवढंही घेतलं नाहीस, दर वेळी लाजून पळालीस. पलटणीतून पत्र टाकायचो तेही बाबांच्या नावानं. शेवटी 'घरच्यांना आठवण सांगणे' लिहायचो आणि त्या घरच्यांमध्ये तू असायचीस, सासूच्या मागं उभी राहून ऐकणारी. आता बाबा नाहीत, आई नाही, घरचे म्हणजे मी एकटाच. तेव्हा सरळ तुझ्या नावानं लिहितो. हे पत्र अर्जुनाकडून वाचून घेऊ नकोस. तुझा भाऊ चांगला आहे, पण त्याला गिरणीच्या भोंग्यासारखं मोठ्यानं वाचायची खोड आहे आणि तुमच्या त्या चाळीत भिंती पातळ आहेत. चौथीपर्यंत शिकलीस, ती अशाच दिवसासाठी. सावकाश वाच.

काम तसं लहान आहे. आपल्या वाजवायच्या भुलोबावर चढवायला मुंबईहून एक तार पाहिजे, आणि ती तूच निवडायची आहे. तार कशाला पाहिजे ते सांगतो, पण खरं कारण शेवटी सांगीन. भुलाबाईची गाणी झाली की पोरी खिरापतीचा डबा कानाशी हलवून ओळखतात ना, गोड का तिखट, कुरकुरीत का मऊ, तसं तू वाचता वाचता ओळखत राहा. ओळखता आलं तर मी हरलो.

वैशाखात तुझ्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले होते की पावसाळ्याच्या आत घरी जाल. पावसाळा लागला आणि सरलाही. अर्जुनाची कार्डं येतात, 'ताईची जखम भरून आली, जेवण व्यवस्थित आहे, काळजी नसावी.' जखम भरली, जेवण व्यवस्थित आहे, तर ताई तिकडे बसली आहे कशाला, हे कोणत्याच कार्डात लिहिलेलं नसतं. पण मला माहीत आहे. मी श्रावणात आलो तेव्हा अर्जुनानं गॅलरीत नेऊन सांगितलं. ऑपरेशननंतर तुझा आवाज बदलला, पुरुषासारखा खाली गेला, आणि तू त्याला म्हणालीस, "हा आवाज घेऊन मी सोनाळ्याले येत नाही. गल्लीतल्या पोरी भ्यातीन नाही तं हासतीन." त्यानंतर तू त्याच्याशीही बोलणं टाकलंस. माझ्याशी तर एक शब्द बोलली नाहीस. मी समोर बसलो होतो, तू भिंतीकडे तोंड करून गहू निवडत होतीस, आणि मी काही विचारलं की त्याच्या पोरीच्या पाटीवर उत्तर लिहायचीस. मी विचारलं, कधी येतेस? तू लिहिलंस, 'तुम्ही जा.' मग मी आलो निघून. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. शेगावला उतरेपर्यंत तो राग गाडीतच कुठं तरी सांडला.

आता तारेचं सांगतो. मी आसामातून ते उकुलेले घेऊन आलो तो दिवस तुला आठवत असेल. लेडोच्या रस्त्यावर एका अमेरिकन सोल्जरचा ट्रक मी चिखलात उपडं झोपून सुरू करून दिला होता. घरी जाताना त्यानं ते चार तारांचं खेळणं माझ्या हातात ठेवलं आणि तिथल्या तिथं दोन सूर वाजवायला शिकवले. गावात सगळे खिदळले, उकंडरावानं लढाईतून काय आणलं, तर उकुलेलं. तू तेवढी हसली नाहीस. हातात घेऊन म्हणालीस, "हे तं सतारीचं लेकरू हाय." मग भुलाबाईचा महिना आला, पोरी आपल्या ओसरीवर जमल्या, आणि तू म्हणालीस की भुलाबाई मी, तर वाजवणारा भुलोबा पाहिजेच. तेव्हापासून त्याचं नाव भुलोबा. आपल्याला मूल नाही, पण भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या साऱ्या पोरी आपल्या असायच्या. तू गाणं उचललंस की खाली पारापर्यंत ऐकू जायचं. भुलोबाच्या तारा मी तुझ्या आवाजासाठी इतक्या वर ओढून ठेवायचो की दर वर्षी एखादी तुटायचीच.

यंदा मी त्याला खाली उतरवला. थोडाथोडका नाही, पार खाली. श्रावणात मुंबईहून आलो, वहाणाही न काढता खुंट्या सैल केल्या आणि पाहिजे तो सूर आल्यावरच पाणी प्यालो. गावाला वाटतं की मला आता स्वतःच गायचा चळ लागला आहे, म्हणून माझ्या घोगऱ्या गळ्याला जुळवून घेतला. वाटू दे. पण अडचण अशी झाली, तार इतकी सैल सोडली की ती वाजेना. नुसती लोंबायची, फड फड करायची. खालच्या सुराला जाड तार लागते, हे मला इंजनं दुरुस्त करणाऱ्याला आधी सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही. गेल्या काही महिन्यांत मला बरंच काही सुचत नाही. परवा शंकररावाच्या मळ्यातलं इंजन उघडलं आणि त्याचा नट खिशात घेऊन घरी आलो. त्याच्या वांग्यांना दिवसभर पाणी नाही, आणि मी इकडे चुलीसमोर बसून तो नट हातात फिरवत होतो, हा कोणत्या इंजनाचा म्हणून.

जाड तारेसाठी पहिल्यांदा मला आठवला आपला रहेमतुल्ला पिंजारी. त्याच्या पिंजणाची तात कशी भरदार घुमते. तो कापूस धुनायला बसला की तू भाकरी थापता थापता त्या तालावर हात चालवायचीस. त्याला म्हटलं, तातीचा तुकडा दे. तो म्हणाला, "भाऊ, हे बकरीचं आतडं हाय, कापूस धुनाले ठीक. यावर गाणं कसं होईन?" पण दिला बिचाऱ्यानं. मी तो भुलोबावर चढवला, आणि खरं सांगतो, वाजला. जाडाभरडा, पण वाजला. खूष होऊन मी त्याला खुंटीला टांगून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर तार गायब, आणि शेजारच्या मंजुळाबाईची मांजर ओसरीवर मिशा पुसत बसलेली. बकरीचं आतडं घरात टांगून ठेवणारा शहाणा मीच. मंजुळाबाईला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. मीही हसलो. मग ती गेली, आणि हसायला कोणी नाही म्हणून मीही थांबलो.

त्यानंतर खामगावला जाऊन सतारीची खरजाची तार आणली. ती पोलादी. घट्ट करत गेलो तर तारा जिच्यावर टेकतात ती भुलोबाची घोडीच तिनं मुळासकट उपटली. लहानसा जीव तो, त्याला पोलादाची ओढ कशी सोसणार. सरस लावून, वर जात्याची तळी ठेवून घोडी परत बसवली. मग त्याच खामगावच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं एक वेगळी तार दिली. आत रेशमाचा गाभा आणि त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. जड आहे म्हणून खाली वाजते, आणि आत रेशीम आहे म्हणून ओढत नाही. ती मात्र बसली. चांगली बसली. संध्याकाळी ओसरीवर एकटाच छेडत राहिलो. तो सूर घरात फिरला तेव्हा घरात कोणी तरी आहे असं वाटलं. वेड्यासारखं आहे, पण वाटलं.

मग भुलाबाई आली. मला वाटलं होतं की यंदा पोरी येणार नाहीत, तू नाहीस तर कोणाकडे येतील. पण पुनवेच्या संध्याकाळी दारात हजर. सगळ्यांचा एकच प्रश्न, "काका, काकी कवा येतीन?" मी म्हटलं येईल, तुम्ही गा. मातीची भुलाबाई कोनाड्यात बसवली, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला, जसा तू करतेस तसाच, थोडा वाकडा. भुलोबा घेतला. पोरींनी नेहमीसारखं उंचावरून गाणं उचललं आणि माझा सूर कुठं तरी खाली तळघरात. सगळ्या थांबल्या. म्हटलं, यंदा गाणं इथूनच, या सुरातून, जमत असेल तर गा नाही तर खिरापत खाऊन घरी जा. रहेमतुल्लाची गुलनार तुला माहीत आहे, ती सगळ्यांत धीट. तिनं आधी खाली गाऊन पाहिलं. मग बाकीच्या. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, खोकल्याची साथ आल्यासारखा. चार दिवसांत जमायला लागलं. पुढं पुढं तर त्यांना तेच आवडायला लागलं, दुपारी विहिरीवरसुद्धा पोरी खालच्या सुरात गात होत्या असं मंजुळाबाई सांगते. तिला वाटलं की मी पोरींचे गळे बिघडवले.

पण एक गोष्ट झाली आणि ती माझ्या मनातून जात नाही. ती तांब्याची तार गुंडाळलेली, तिचे वेढे बोटाला लागतात. बोट एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे सरकवलं की ती चर्र करते, कोणी पाटीवर नख ओढल्यासारखी. गाणं हळू होत आलं, पोरींचा आवाज बारीक झाला, आणि नेमकी त्याच वेळी ती चर्र करून ओरडली. पोरी खदखदून हसल्या. तारेला हसल्या, मला नाही, आणि कोणालाच नाही. तरी माझे कान तापले. मी इतका जोरात ओरडलो त्यांच्यावर की गुलनार रडायला लागली. मग तिला जवळ घेऊन सगळी खिरापत तिच्याच ओंजळीत दिली. आपल्या ओसरीवर गाणाऱ्या बाईच्या आवाजाच्या मध्येच असं काही चिरकलं आणि पोरी हसल्या, हे मला चालणार नाही. म्हणून कोजागिरी होताच मी पॉलिश पेपर घेऊन ती तार घासायला बसलो. म्हटलं इंजनाचा व्हॉल्व्ह घासून गुळगुळीत करता येतो, मग ही का नाही. वेढे घासून झिजले, एका ठिकाणी तुटले, आणि सगळी तांब्याची तार सुटून माझ्या मांडीवर भेंडोळं होऊन पडली. आत उरला नुसता रेशमाचा दोरा.

खामगावचा म्हातारा म्हणाला, घासून होत नसतं हे. गुळगुळीत तार मुळातच वेगळी बनवतात, आणि तसली मुंबईलाच मिळेल, विलायती वाद्यं ठेवणाऱ्या दुकानात. अर्जुन तुला दुकान दाखवील, पण निवडायचं तू. त्याला दोरखंड आणि सुतळी यातला फरक कळत नाही. तुला मात्र एका गोष्टीवरून लगेच कळेल. तुझे सरगुंडे आठव. कणकेची वळी तू काडीवर गुंडाळतेस, ती वळी गोल राहिली की सरगुंड्यावर उंचवटे राहतात, बोट फिरवलं की खडबड लागतं. रुखमाबाईचे तसेच होतात. तू वळी आधी बोटानं चपटी करतेस आणि मग वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळतेस, आणि काडीवरून सरगुंडा सुटला की जोड कुठं आहे हे सापडतही नाही. तार तशीच पाहिजे. आत रेशीम, वर चपटी पट्टी गुंडाळलेली. दुकानदार तीनचार समोर टाकील. डोळे मिटून हरेक तारेवर नख ओढ. जी चर्र करील ती परत दे. जी गप्प राहील ती बोटांत धरून वाकवून पाहा, कडक असली तर आत पोलाद आहे, तीही परत दे. चकाकीला भुलू नकोस. तुझ्या बोटांना जी सरगुंड्यासारखी वाटेल ती घे.

आता इकडची खबर. पाणी बरं झालं, कपाशी चांगली आहे. मंजुळाबाई दिवसाआड भाजी आणून देते आणि "भाऊजी, जेवले का नाही?" म्हणून दारातून विचारते. मी जेवलो म्हणतो. कधी जेवलेला असतो, कधी नसतो. भाकरी मला चांगली जमायला लागली होती, पण एकट्यासाठी थापायची म्हटलं की पीठ भिजवायलाच हात जात नाही. संध्याकाळी मळ्यातली इंजनं बंद झाली की गाव एकदम रिकामं होतं, तेव्हा फार जड जातं. तू होतीस तेव्हा मी ताटावर बोटांनी ठेका धरायचो आणि तू चिडायचीस. आता खुशाल धरता येतो, म्हणून धरत नाही. परवा रहेमतुल्ला गाद्या-रजयांचं विचारायला आला होता. थंडी तोंडावर आली आहे. म्हणाला, "भाऊ, औंदा एकच धुनू का दोन्ही?" काही वाईट मनात नव्हतं त्याच्या. मी उठून आत गेलो. मग दोन्ही रजया काढून त्याच्यापुढं टाकल्या. त्यानं तुझी आधी धुनली, कापूस मोकळा करून, उन्हात घालून परत भरली. पेटीवर घडी घालून ठेवली आहे.

आता डबा उघडतो. श्रावणात तू पाटीवर 'तुम्ही जा' लिहिलंस आणि मी उठलो, तेव्हा मी लगेच गेलो नव्हतो. जिन्यात वहाणेचा अंगठा तुटला म्हणून खाली बसून बांधत होतो. तुला वाटलं मी गेलो. आत स्टोव्हवर दूध होतं, आणि तू भावजयीला हाक मारलीस, "अवं, दूध उतू चाललं!" एवढंच. तीन महिन्यांत मी ऐकलेला तुझा पहिला आवाज. मला घाबरायला झालं नाही, सत्यभामा, हसू तर मुळीच आलं नाही. माझ्या हातातून वहाण गळून पडली. तोच तुझा आवाज, तसाच चिडका, तसाच लगबगीचा, फक्त खालच्या खोलीत राहायला गेलेला. तो सूर विसरायचा नाही म्हणून मी तिथून सोनाळ्यापर्यंत तोंड मिटून तेवढा एकच सूर गुणगुणत आलो. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पोटात दुखते का भाऊ? मी बोललो नाही, बोललो तर सूर मोडेल. स्टेशनात इंजनानं शिटी दिली की कानांत बोटं घालायचो. शेगावला एसटीच्या कंडक्टरला सोनाळ्याचं तिकीट हातवारे करून मागितलं आणि त्यानं मला मुका समजून खिडकीची जागा दिली. घरी येऊन भुलोबा ज्या सुराला उतरवला तो माझ्या गळ्याचा नाही, तुझा आहे. गल्लीतल्या पोरी महिनाभर गायल्या त्या तुझ्या सुरात गायल्या. कोणाच्या, हे त्यांना मी सांगितलेलं नाही, पण आता त्यांना उंच गाणंच कसंतरी वाटतं. तू आलीस की त्यांनी हसावं असं इथं काही उरलेलं नाही, ती एक तार सोडून. म्हणून ती तू निवडायची, आणि टपालानं पाठवायची नाही, हातानं घेऊन यायची. दुकानदार विचारील, कोणत्या सुराला पाहिजे? तेव्हा पाटी काढू नकोस. दूध उतू चाललं, एवढंच त्याला म्हणून दाखव.

तुझाच,
उकंड